बस्त्याच्या दिवशी पावडर लावायची नाही

"अंगाला पावडर लावायची न्हाई, ह्ये कुठलं शास्त्र?" नागम्मा अव्वा पावडरचा डबा हातात धरून ओसरीत उभी राहिली. "नातीच्या बस्त्याला चाललोय का मयतीला?"

प्रश्न दीपमालाला होता, पण विचारला जोहराला. दिवाळीच्या पाडव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना धाकटी सून आरोग्य उपकेंद्रात ड्युटीवर गेली, तेव्हापासून अव्वा तिच्याशी थेट बोलत नव्हती. जे असेल ते तिसऱ्याच्या तोंडून. तिसरं माणूस नसेल तर म्हशीकडे बघून.

"दीपमाला म्हणती, कापडावर डाग पडतेत," जोहरा म्हणाली आणि चटकन दुसरीकडे बघू लागली. तीस वर्षं शेजारच्या घरात राहून या घरातल्या प्रत्येक बाईचं पोलकं तिनं शिवलं होतं, पण खोटं बोलायचं म्हटलं की तिचे कान लाल व्हायचे.

"डाग! मी दुकान नेसून बघणार हाय का?"

"अव्वा, नवीन दुकानात तसा नियमच असतो," दीपमाला म्हणाली.

"जोहरा, तिला सांग, मला नियम शिकवू नको."

पण डबा फळीवर गेला. दीपमालानं मनातल्या मनात पहिला गड सर झाल्याची नोंद केली आणि क्रूझरमध्ये जाऊन बसली. चाकूरहून लातूरला पोचायला तास लागणार होता, आणि ती आणि जोहरा सोडून गाडीतल्या कुणालाच आपण नक्की कुठं चाललोय हे माहीत नव्हतं.

याची सुरुवात झाली ती दहा दिवसांपूर्वी. मोठी जाऊ शिवकन्या लेकीच्या लग्नातल्या पोलक्यांची मापं द्यायला जोहराकडे गेली होती. जोहरानं टेप छातीभोवती आणला तसं शिवकन्यानं तिचं मनगट धरलं. डाव्या बाजूला, बोराएवढं काहीतरी. "लग्न होऊन जाऊ दे, मग बघते," शिवकन्या म्हणाली. "कुणाला बोललीस तर माझ्या गळ्याची शप्पथ." जोहरानं दोन दिवस शपथ पाळली. तिसऱ्या दिवशी ती दीपमालासमोर येऊन उभी राहिली, ओठ घट्ट मिटले, स्वतःच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं आणि मग शिवकन्याच्या स्वयंपाकघराकडे दाखवलं. बोलायचं नाही अशी शपथ होती. दाखवायचं नाही अशी नव्हती.

दीपमाला उपकेंद्रात रोज बायकांना हेच सांगत असे की चाळिशीनंतर तपासून घ्या. आणि आपल्याच घरात मोठी जाऊ, तिची शिवकन्याअक्का, गप्प. का गप्प, हेही तिला माहीत होतं. अक्काची लेक रेणुका, तिचं स्थळ कंधारचं, मोठं, मानपानाचं. नवऱ्या मुलाची आई प्रयागबाई म्हणजे बोलायला लागली की समोरचा खुर्ची शोधतो. नवरीच्या आईला असला रोग आहे असं तिथं कळलं तर? एकट्या अक्काला दवाखान्यात चल म्हटलं असतं तर ती आली नसती. म्हणून दीपमालानं लातूरच्या दवाखान्यात फोन करून एक नाही, तीन नंबर लावले. सगळ्यांनाच नेलं तर कुणासाठी नेलं हे कुणाला कळणार?

लातुरात शिरल्यावर तिनं ड्रायव्हरला सांगितलं, "डावीकडं घ्या."

पुढच्या सीटवरून माणिकप्पा वळला. घरातला मोठा मुलगा, शिवकन्याचा नवरा, आजच्या मोहिमेतला एकमेव पुरुष. "गंजगोलाईचा कापडबाजार सरळ हाय की. कंधारची मंडळी दुकानात येऊन बसलीत."

"पाच मिनिटांचं काम हाय, भावजी."

गाडी थांबली ती दवाखान्याच्या दारात. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: महिलांची स्तन तपासणी. माणिकप्पानं ते मोठ्यानं वाचायला घेतलं, दुसऱ्या शब्दावर थांबला, आणि खिशातला रुमाल काढून चष्मा पुसू लागला.

गाडीत एकच गलका झाला.

"मी उतरत न्हाई!" अव्वानं पुढच्या सीटचा दांडा धरला. "मला काय झालंय? चार लेकरं पाजली मी!"

"झालेलं नसतानाच बघायचं असतं," दीपमाला म्हणाली. "हाताला लागायच्या आधी मशीनला दिसतं. म्हणून तर आज पावडर नको म्हणाले. पावडरचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतेत."

"बघ जोहरा! बघितलंस? डागाचं नाव करून ह्या बाईनं मला फसवलं!"

"मला पण तिनंच सांगितलं," जोहरा म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते.

शिवकन्या मात्र खिडकीशी दगडासारखी बसली होती. आपल्याला शोधून काढलंय हे तिला कळून चुकलं होतं. सगळ्यांत आधी राग आला, मग भीती, आणि मग या दोन्हींच्या तळाशी काहीतरी हलकं, सैल वाटलं, त्याचं नाव तिला सुचेना. गेले दोन महिने रोज आंघोळीच्या वेळी बोटं तिथं जायची. वाढलंय का, कमी झालंय का? आज कुणीतरी तिच्या हातातून ते काम काढून घेत होतं.

"जोहरा, तू बोललीस," ती हळूच म्हणाली.

"खुदा कसम भाभी, एक शब्द बोलले न्हाई," जोहरा म्हणाली आणि तिला अशा वेळी हसू फुटलं. हसू दाबायला तिनं पदर तोंडात कोंबला. शिवकन्यानं तिच्याकडे रागानं बघायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. तिच्याही खांद्यांना हिसके बसायला लागले. मागच्या सीटवर बसलेली रेणुका बघतच राहिली. दवाखान्याच्या दारात आपली आई आणि जोहराखाला खिदळतायत, हे दृश्य नवरीच्या कल्पनेत कुठंच नव्हतं.

"मी जाते पयली," जोहरा गाडीतून उतरली. "माझं वय बावन्न. अव्वांना भ्या वाटत असंल तर बसू द्या गाडीत."

झालं. अव्वानं दांडा सोडला. तीस वर्षांत तिनं जोहराला कशातही पुढं जाऊ दिलं नव्हतं. वाळवणाच्या जागेत नाही, नळाच्या रांगेत नाही.

"भ्या? कुणाला? सरक!"

माणिकप्पा दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिला. आत पुरुषांनी कुठं बसायचं याची पाटी कुठंच नव्हती. त्यानं प्रयागबाईंना फोन लावला.

"हां, नमस्कार... गाडी पंक्चर झाली हो. मुरुडच्या अलीकडं... न्हाई न्हाई, चाकूरच्या पलीकडं... तासभर लागंल."

त्यानं फोन ठेवताच आत बाकावर बसलेल्या अव्वाच्या फोनची रिंग वाजली. एका फोनवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या प्रयागबाई नव्हत्या. "मी डोळे दाखवायला आले हाय," अव्वानं ठणकावून सांगितलं. "साडीचा रंग नीट दिसाया पाहिजे न्हाई का!"

दीपमालानं कपाळाला हात लावला.

तपासणीच्या खोलीत सादिया नावाची एक हसरी मुलगी मशीन चालवत होती. जोहरा गेली आणि दहा मिनिटांत परत आली. "काय न्हाई. दाबतेत जरासं. पोलकं तंग झाल्यावर होतं तेवढंच." मग अव्वाचा नंबर. तिच्या गळ्यातलं चांदीच्या डबीतलं इष्टलिंग बघून सादिया थबकली.

"आज्जी, हे गळ्यात असलं तर फोटोत येईल. काढून ठेवता का?"

"लहानपणापासून अंगावेगळं केलं न्हाई. मेले तरी काढणार न्हाई."

दारातून बघणारी दीपमाला आत आली. "अव्वा, मस्तकावर चालतं का?"

अव्वा विचारात पडली. मग चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं धाकट्या सुनेच्या डोळ्यांत बघितलं. "मस्तकावर चालतं. जागा उलट जास्त मानाची. तूच बांध. ह्या पोरीला गाठ मारता यायची न्हाई."

दीपमालानं दोरा वर घेतला, चांदीची डबी अव्वाच्या अंबाड्यावर ठेवून हलक्या हातानं बांधली. अव्वाचे केस इतके पांढरे, इतके विरळ झालेत हे तिनं आजवर कधी बघितलंच नव्हतं.

"घट्ट बांध. आन् मग बाहेर हो. मला लाज वाटती."

दार लागलं. बाहेर बाकावर सगळ्यांचे कान तिकडंच. आधी मशीनचा आवाज, मग अव्वाचा.

"अगं अगं! भाकर थापून राहिलीस का काय!"

"श्वास रोखा आज्जी."

"रोखला! आता सोडू का कंधारला जाऊन सोडू?"

रांगेत बसलेल्या अनोळखी बाया पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. निलंग्याकडची एक म्हातारी, इतका वेळ लेकीच्या मागं लपून बसलेली, ती पुढं सरकून म्हणाली, "त्यांच्या मागचा नंबर मला द्या."

शिवकन्याच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. फोटो झाला, मग डॉक्टरीणबाईंनी तिला सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. दीपमालाला हात धरायला आत घेतलं. पडद्यावर एक काळा गोल दिसत होता. शिवकन्यानं डोळे मिटून घेतले.

"डोळे उघडा," डॉक्टर म्हणाल्या. "ही पाण्यानं भरलेली गाठ आहे. साधी. पाहिजे तर आत्ता सुईनं पाणी काढते."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन मिनिटांत ती राहणारच नाही."

सुई टोचली. पडद्यावरचा काळा गोल आक्रसत गेला आणि दिसेनासा झाला. शिवकन्यानं हात तिथं नेला. बोटं फिरवली. काहीच नव्हतं. दोन महिने उराशी धरलेली गोष्ट एका नळीत मावली होती, आणि तिचा रंग पिवळसर, पातळ ताकावरच्या निवळीसारखा होता. तिला रडू आलं ते इतकं मोठ्यानं की बाहेर माणिकप्पा पायरीवरून धावत आत आला, आणि बायकांच्या रांगेच्या मधोमध उभा राहून विचारायला लागला, "शिवकन्या? अगं, काय झालं? शिवकन्या?" लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. चारचौघांत तिला नावानं हाक त्यानं पहिल्यांदाच मारली. ती रडतच बाहेर आली आणि त्यानं तिचा हात धरला.

आणि नेमक्या त्याच क्षणी दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली.

प्रयागबाईंना एकामागोमाग पंक्चर आणि डोळे या दोन बातम्या मिळाल्यावर त्यांनी पोराचा फोन हातात घेतला होता. नवरदेव आनंदराज दर पाच मिनिटांनी त्यात बघून हसत होता, कारण रेणुकानं त्याला सकाळीच आपण कुठं आहोत ते सतत दाखवणारं लोकेशन पाठवून दिलं होतं. प्रयागबाईंनी नकाशावरचा निळा ठिपका बघितला, दुकानदाराला "आलेच" म्हणाल्या, आणि निघाल्या. आत येऊन त्यांनी बघितलं ते असं: डोक्यावर इष्टलिंगाची डबी बांधलेली व्याह्यांची आई, ओक्साबोक्शी रडणारी विहीण, तिचा हात धरून उभा असलेला व्याही, आणि फोन पाठीमागं लपवणारी होणारी सून.

"हे डोळ्याचं दुकान हाय होय?" प्रयागबाई म्हणाल्या.

अव्वानं तोंड उघडलं. जोहरानंही. दीपमालाकडे तर चार कारणं तयार होती. पण शिवकन्यानं डोळे पुसले आणि पुढं झाली. आता लपवायला काही शिल्लकच नव्हतं, आणि तिला त्याचा नुसता कंटाळा आला होता.

"मला गाठ होती, विहीणबाई. दोन महिने कुणाला सांगितलं न्हाई. तुमच्या कानावर गेलं तर लग्न मोडंल असं वाटलं. आत्ता तपासलं. साधी निघाली, पाण्याची. पण साधी नसती तरी..." तिला पुढचं बोलता येईना. "पोरीचा काही दोष न्हाई यात."

प्रयागबाईंचा चेहरा लाल झाला. माणिकप्पाला वाटलं, संपलं. त्यानं रेणुकाकडे बघितलं नाही.

"माझ्या भ्यानं?" प्रयागबाई म्हणाल्या. "माझ्या भ्यानं तुम्ही दोन महिने दवाखान्यात आला न्हाईत?" त्या बाकावर बसल्या. "मी काय वाघ हाय का हो? अं? आनंदराजचे पप्पा म्हणतेत, तू मोठ्यानं बोलतीस. माझा आवाजच तसा हाय, मी काय करू! पोरीची आई मेली असती माझ्या आवाजानं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग एकदम आठवण होऊन म्हणाल्या, "आन् तिकडं मी सहा कप चहा पिऊन बसले!"

पहिल्यांदा रेणुका हसली. मग सगळ्यांचाच बांध फुटला. रांगेतल्या बायासुद्धा कारण माहीत नसताना हसत होत्या. अव्वा मात्र हसली नाही. तिनं प्रयागबाईंचा दंड धरला.

"वय किती तुमचं?"

"एक्कावन्न. का?"

"ए पोरी," अव्वानं सादियाला हाक मारली, "एक नंबर वाढव."

"अहो अव्वा, मला काही होत न्हाई! मी खंबीर हाय!"

"मी पण खंबीर होते. मुलीकडचे म्हणून मान खाली घालायची तेवढी आम्ही मांडवात घालू. आधी तुम्ही आत व्हा. पावडर लावलीय का? लावली असंल तर पुसून घ्या, कण दिसतेत फोटोत." हे सगळं ज्ञान आपलंच असल्यासारखं ती सांगत होती. दीपमालानं तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत हसत राहिली.

प्रयागबाई आत असतानाच डॉक्टरीणबाईंनी अव्वाला परत बोलावलं. आणखी एक फोटो, मग सोनोग्राफी, मग सुईनं छोटा तुकडा. अव्वा बाहेर आली ती छाती पुढं काढून. "मला दोनदा आत नेलं. जोहराला एकदाच." सगळे इतके खुशीत होते की दीपमाला सोडून कुणाच्या लक्षात काही आलं नाही. तिनं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. रिपोर्ट आल्यावर बोलू.

त्या दिवशीचा बस्ता दिवेलागणीपर्यंत चालला. दोन्हीकडच्या बायका एका बाजूला झाल्या आणि पुरुषांनी निवडलेला प्रत्येक रंग नाकारला गेला.

रिपोर्ट आठव्या दिवशी दीपमालाच्या फोनवर आला. तिनं तो तीनदा वाचला. मग माणिकप्पाला आणि आपल्या नवऱ्याला, बालाजीला, गोठ्यामागं बोलावलं.

"अव्वाच्या उजव्या बाजूला कॅन्सर हाय. लई लहान. हाताला लागतसुद्धा न्हाई. आत्ता काढला तर बरी होईल असं डॉक्टर म्हणाल्या."

बालाजी खाली बसला. माणिकप्पा म्हणाला, "लग्नाला महिना हाय. तवर अव्वाला सांगायचं न्हाई. ती हाय खाईल."

"महिना थांबायचं कामून?" दीपमालाचा आवाज चढला.

"सहासष्ट वर्षांच्या बाईला तू असं तोंडावर सांगणार?" बालाजी म्हणाला. दोघे भाऊ तळ्याकडच्या शेताच्या वाटणीपासून एकमेकांशी धड बोलत नव्हते, ते या एका गोष्टीवर एक झाले.

शिवकन्या शेणाची पाटी घेऊन मागच्या दारातून येत होती. तिनं सगळं ऐकलं. पाटी खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ ओसरीत गेली. अव्वा सुपात डाळ घेऊन खडे वेचत होती. शिवकन्या तिच्याजवळ बसली. नवरा आणि दीर धावत दारापर्यंत आले, पण तोवर ती बोलून गेली होती. जे होतं ते सगळं, एकही शब्द मऊ न करता.

अव्वाचे हात सुपात थांबले.

"पोरं लपवून राहिली होती?"

"हाव."

"मग तू कामून सांगितलंस?"

"मी दोन महिने एकटी होते, अव्वा," शिवकन्या म्हणाली. "आतल्या आत लई भ्या वाटतं. तुम्हाला तसं एकटं न्हाई राहू देणार."

अव्वानं एक खडा उचलला, बघितला, अंगणात भिरकावला. डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. मग तिनं सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाराकडे बघून ओरडली, "दीपमाला! तिथं दाराआड काय उभी राहिलीस? डॉक्टरीणबाईला फोन लाव. आन् ह्या दोघांना सांग, रडायचं असंल तर गोठ्यात जाऊन रडा."

शस्त्रक्रिया पुढच्या मंगळवारी झाली. गाठ तुरीच्या दाण्याएवढी. पसरलेली नव्हती. काखेतल्या दोन गाठी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. लग्नानंतर थोडे दिवस किरणांचा उपचार घ्यायचा होता. दवाखान्यात सगळ्यांच्या आधी हजर झाल्या त्या प्रयागबाई, कंधारहून, डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि वॉर्डाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज घेऊन. त्यांचा स्वतःचा रिपोर्ट चांगला आला होता. आता त्या कंधारात ज्या कुणा बाईला भेटत, तिला वय विचारत.

लग्नाच्या दिवशी बँजो सुरू झाला तसं सगळे अव्वाला खुर्चीवर बसवायला धावले. ती बसली. एक गाणं बसली, दुसरं बसली. तिसऱ्याला उठली.

"अव्वा, उजवा हात वर न्यायचा न्हाई!" दीपमाला गर्दीतून ओरडली.

"न्हाई नेत की!"

उजवा हात पोटाशी धरून अव्वा नुसत्या डाव्या हातानं नाचायला लागली. कमरेत वाकायची, डावा हात आभाळाकडे फेकायची, गिरकी घ्यायची. जोहरा तिच्यासमोर आली आणि तिनंही उजवा हात पोटाशी घेतला. मग शिवकन्या आली. मग दीपमाला. प्रयागबाई मोठ्यानं "सरका, सरका" म्हणत मध्ये घुसल्या आणि एका हातानं त्यांनी अशी काही झेप घेतली की बँजोवाल्याचा ताल चुकला. बघता बघता वरातीतल्या सगळ्या बाया एकाच हातानं नाचत होत्या, आणि कंधारची पाहुणेमंडळी एकमेकांना विचारत होती की चाकूरकडं अशीच पद्धत हाय काय.